गावात धावण्याची स्पर्धा घेताय? आधी रस्ता नीट मोजा

२६ जानेवारी जवळ आला की गावोगाव धावण्याच्या स्पर्धांचे बॅनर लागतात. बक्षिसाचा आकडा ठळक असतो, अंतर मात्र अंदाजपंचे. यात पळणारी बरीच पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करणारी. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. अंतरच कमी भरलं, तर टाइम चांगला आला म्हणून पोरगं खूश होतं आणि भरतीच्या मैदानावर फसतं.

मोटरसायकलच्या मीटरवर भरवसा नको. सायकलच्या पुढच्या चाकाच्या तारेला चिंधी बांधा. टेपने १०० मीटर मोजा, तेवढ्यात चाकाचे किती फेरे होतात ते बघा. मग त्याच हिशोबाने सगळा रस्ता मोजून दर १०० मीटरला चुन्याची खूण करा. वळणावर आतल्या कडेने मोजायचं, कारण पळणारा तिथूनच कापतो.

ऊस पट्ट्यात जानेवारीत पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असतात. कारखान्याचा रस्ता टाळलेलाच बरा. पोलीस ठाण्यात वेळेत अर्ज द्या, आरोग्य केंद्राला कळवा, प्रत्येक फाट्यावर शिट्टीवाला माणूस उभा करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट फिरतेच, पण आठवडी बाजारात स्पीकर फिरवला तर वाड्या-वस्त्यांवरची पोरंही येतात. पोस्टमध्ये अंतर, वयोगट आणि जन्मतारखेचा कोणता पुरावा लागेल ते लिहाच. बक्षीस वाटताना भांडणं होतात ती वयावरूनच. मुलींचा गट वेगळा ठेवा, बक्षिसाची रक्कम मात्र मुलांएवढीच. मुलांना रोख आणि मुलींना डबा, ही पद्धत आता बंद करा.