खोल म्हणजे जुने नव्हे

धातुशोधक यंत्र आता घरबसल्या मागवता येते. त्यामुळे रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावातही कोणी परसात ते फिरवले, खाली काही वाजले आणि खणून गंजका गोळा हाती आला, तर नवल नाही. मग पहिला प्रश्न येतो, हे किती जुने? ‘जेवढे खोल, तेवढे जुने’ हे उत्तर वाशीमच्या काळ्या रानात सपशेल चुकू शकते. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. अशा भेगेतून गेल्या वर्षी खिशातून पडलेले नाणेही हात-दीड हात खाली जाते, आणि पहिल्या दमदार पावसात भेग मिटली की वर खूणसुद्धा उरत नाही. गावठाणातल्या पांढरीची गोष्ट वेगळी. तिथे पडलेल्या भिंती, राख, शेण यांचे थर साचलेले असतात. मध्ये कोणी खड्डा केला नसेल, तर तिथल्या खोलीला काही अर्थ असतो.

यंत्राला काळ कळत नाही, आणि धातूही धड कळत नाही. त्याच्या वेटोळ्यातले बदलते चुंबकी क्षेत्र जमिनीतल्या धातूत वीजप्रवाह उठवते. त्या प्रवाहांचे क्षेत्र किती उशिराने आणि किती जोरात परत येते, एवढेच यंत्र ऐकते. पातळ सोन्याची अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी जवळपास सारखाच आवाज देऊ शकतात. त्यात काळ्या मातीतले मॅग्नेटाइट स्वतःच कुरकुरते. लांबून सोन्याची दिशा दाखवणारी म्हणून विकली जाणारी यंत्रे तर शुद्ध फसवणूक आहे. गुप्तधनाच्या नादाने आधीच नाडलेल्या माणसांना ती आणखी लुबाडतात, याची मला मनापासून चीड येते.

या यंत्राच्या शोधाचे श्रेय सहसा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दिले जाते. 1881 मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात त्यांनी यंत्राने ती गोळी शोधण्याचा प्रयत्न केला, पण गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला. गोष्ट छान आहे. पण त्यामागचे तत्त्व डेव्हिड ह्यूज यांनी 1879 मध्येच मांडून दाखवले होते. त्यांचा ‘प्रवर्तन तराजू’ म्हणजे कानाने वाचायचा काटा. दोन्ही बाजूंना एकसारखी नाणी ठेवली की टेलिफोनच्या श्रवणीत शांतता, आणि एक खोटे निघाले की लगेच आवाज. त्याच वर्षी ह्यूज यांना रेडिओ लहरींचाही सुगावा लागला होता, पण रॉयल सोसायटीतल्या जाणत्यांनी ते साधे प्रवर्तन ठरवले. अशा माणसाचे नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

आता आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी 1939 मध्ये सातवाहनांची नाणी सापडली, दीड हजाराच्या आसपास. एका बाजूला हत्ती, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. धातू म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण, जे शुद्ध तांब्यासारखे खणखणीत वाजत नाही. फक्त चांदीच्या आवाजावर कान ठेवून फिरणारा ती सोडूनही देईल. संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांवरची अक्षरे वाचली, आणि पुराणांच्या वंशावळीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे समोर आले. ज्ञात राजांच्या नाण्यांबरोबर एकाच साठ्यात सापडल्यामुळे त्यांचा काळ बांधता आला. एकेक नाणे बाजारात गेले असते, तर नुसती नावे उरली असती. त्याच वर्षी वाशीमला मिळालेल्या ताम्रपटाने दुसरा विंध्यशक्ती हा वाकाटक राजा आणि वत्सगुल्माची शाखा उजेडात आणली. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीमच.

म्हणून हिरवट चकती मिळाली तर चिंच लावून घासू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातात, आणि शिवराई नाण्यावर उरतेच काय, तर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ एवढेच. जागा, खोली आणि सोबतची खापरे टिपून फोटो काढा. खापर कोणी चोरत नाही, पण काळ सांगण्यात ते नाण्याइतकेच कामाचे असते. बरेच काही एकत्र निघाले, तर हात थांबवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे दडलेले धन कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर त्यात शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा आहे. सरकारने ते ठेवून घेतले, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. ही तरतूद गावात माहीत नसते. जप्तीच्या भीतीने सोनाराच्या मुशीत जाणारी नाणी त्यामुळेच वितळतात.