खंडानंतर पुन्हा भूल-टेबलाशी

धरमतर खाडीच्या मुखावरचे रेवस. लाँच पकडली की भाऊचा धक्का, रस्ता धरला की अलिबागचे जिल्हा रुग्णालय. बाळंतपण किंवा घरच्या आजारपणामुळे काही वर्षे घरी राहिलेल्या इथल्या सिस्टरला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहायचे असेल, तर हे लक्षात ठेवा :

● कोणाचे काम काय? अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिका स्वतः भूल देतात. भारतात ती जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांची; सिस्टर त्यांचा उजवा हात.

● नोंदणी : महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार त्यासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण.

● हात बसवा : आधी पुतळ्यावर, मग रुग्णावर. छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी. ३० दाबांमागे २ श्वास.

● रोजची उजळणी : ऑक्सिजन, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा दिवा, नळ्यांचे आकार, औषधांची लेबले. केस सुरू होण्याआधी सगळे स्वतः तपासायचे.

● यादी : जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी १९ मुद्द्यांची. ती मोठ्याने वाचली की विसरभोळेपणाची भीती ओसरते.

● आत्मविश्वास : सुरुवात ठरवून केलेल्या, कमी जोखमीच्या केसपासून, रात्रीची तातडीची सिझेरियन नंतर. शंका आली तर विचारा. न विचारता केलेली चूक रुग्णाला महागात पडते.