नरनाळ्याचा महाकाली दरवाजा

सोनाळ्याहून हिवरखेड, अडगाव करत अकोटला जाताना डाव्या हाताला सातपुडा सतत सोबत असतो. सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे बुलढाणा जिल्हाभर ओळखलं जाणारं आमचं सोनाळा या डोंगराच्या पायथ्याशीच आहे. अकोटहून उत्तरेला वळून पोपटखेडमार्गे शहानूर गाठलं की वर नरनाळा. सोनाळ्याच्या पट्ट्यातली माणसं मेळघाट व्याघ्रप्रकल्पात वाघ पाहायला हौसेनं जातात, पावसाळ्यात धबधब्यांवर जातात, शेगावला तर जातातच. पण ज्या गडावरून एकेकाळी या पट्ट्याचा कारभार चालला, तिथं जाणारे कमी. जातात तेही दोन तासांत फोटो काढून उतरतात. नरनाळा असा घाईत कळत नाही, कारण तो नुसता किल्ला नाही, उजाड झालेलं एक नगर आहे.

अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याची जी सरकारं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हे, पाडली गेली, त्यातलं एक नरनाळ्याचं. आपल्या जिल्ह्यातले जळगाव (जामोद) आणि मलकापूर हे परगणे याच सरकारात मोडत. बुलढाणा आणि अकोला हे जिल्हे इंग्रजी अमदानीतले. त्यांच्या आधी काही शतकं या मुलुखाचा पत्ता नरनाळा हाच होता.

गडाचे भाग तीन. मधला मुख्य नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. एकट्या मुख्य गडाचा पसारा साडेतीनशे एकरांहून मोठा, आणि माथा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. तट डोंगराच्या कडेकडेनं असा फिरलाय, की कुठं डोंगर संपला आणि कुठं बांधकाम सुरू झालं ते लांबून ओळखू येत नाही. मूळ गड कोणी बांधला याच्या दंतकथा आहेत. लेखी इतिहासात ठसठशीत नाव येतं ते बहमनी सुलतान अहमदशहाचं. १४२५च्या सुमारास तो वऱ्हाडात मुक्कामाला असताना त्यानं नरनाळ्याची डागडुजी करवली आणि गाविलगड उभारला. माळवा आणि खानदेशाकडून येणाऱ्या फौजा सातपुड्याच्या खिंडींतून खाली उतरत. त्या वाटांवर नजर ठेवायला ही जोडगोळी हवी होती.

शहानूरकडून चढताना आधी शहानूर दरवाजा लागतो, मग मेहंदी दरवाजा, आणि त्यानंतर महाकाली दरवाजा. इथं मात्र थांबायचं. गाडी आता वरपर्यंत जाते, त्यामुळे बहुतेक जण खिडकीतूनच दरवाजा पाहतात. खाली उतरून, मान वर करून, निदान अर्धा तास तरी त्याला द्यायला हवा.

हा सगळा डोंगर काळ्या दगडाचा. दरवाजा मात्र पांढरट वालुकाश्मात घडवलाय. हा दगड मऊ असतो, छिन्नीला लवकर वश होतो, म्हणून बारीक काम त्यात उतरतं. मधोमध उंच टोकदार कमान आहे. तिच्या वरच्या अंगाला दगडात कोरलेली फुललेली कमळं आहेत. दोन्ही बाजूंना भिंतीतून पुढे आलेले झरोके, त्यांना दगडी जाळ्या. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा जाळीतलं प्रत्येक छिद्र वेगळं दिसतं. कमानीच्या वर अक्षरांचे पट्टे आहेत. ती अक्षरं वाचता येत नसली तरी हात दिसतो. उभ्या रेघा भाल्यांसारख्या ताठ, आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेले बाक. आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या कमानदार ओवऱ्या आहेत. कुराणातली वचनं आणि कमळं एकाच चौकटीत, कुणालाही न खुपता बसली आहेत. दख्खनची बांधकामं अशीच असतात, आणि मला ती त्यासाठीच आवडतात.

दरवाजावरच्या शिलालेखात साल येतं ते १४८७चं. लेख सांगतो की सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहाच्या राज्यात फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क यानं हा दरवाजा बांधला. या साध्या वाटणाऱ्या वाक्यामागे मोठी उलथापालथ आहे. बहमनी राज्याचा कर्ता वजीर महमूद गावान याला १४८१मध्ये सुलतानानंच मारलं, आणि तिथून राज्य खचत गेलं. पुढच्याच वर्षी गादीवर आलेला महमूदशहा पोरवयाचा होता. बीदरच्या दरबारात गटबाजी माजली आणि लांबलांबच्या सुभेदारांचे हात मोकळे झाले. वऱ्हाडचा सुभेदार फतेहउल्ला त्यातलाच एक. तो जन्मानं विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरातला. लहानपणी लढाईत कैद होऊन वऱ्हाडात आला, इथल्या सुभेदाराच्या हाताखाली वाढला आणि शेवटी स्वतः त्या जागेवर बसला. गाविलगडाच्या एका दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. तो विजयनगरच्या आठवणीतून आला असावा असं अभ्यासक म्हणतात, आणि मलाही ते पटतं.

नरनाळ्याच्या दरवाजावर फतेहउल्लानं धन्याचं नाव मानानं कोरलं. तीनच वर्षांनी, १४९०मध्ये, तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली, राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. एवढा देखणा दरवाजा उभारणारा माणूस नुसती नोकरी करत नव्हता, हे दगड पाहिल्यावर कळतं.

त्याच १४८७ साली इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये मायकेलँजेलो बारा वर्षांचा होता. त्या काळातली शिल्पं आणि चर्च पाहायला आपल्याकडची माणसं विमानानं जातात. जरूर जावं, तसं काम डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. पण त्याच काळात, त्याच तोलाच्या निगुतीनं घडवलेला दगड आपल्या उशाशी आहे, हेही वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

या गडानं इमादशाहीचा शेवटही पाहिला. तुफालखान नावाच्या वजिरानं सत्ता बळकावून बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यावरच कैदेत ठेवलं होतं. १५७४मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं वऱ्हाड घेतलं, गड पडला आणि वऱ्हाडची शाही संपली. पुढे मोगल आले, त्यानंतर नागपूरकर भोसले.

वर गेल्यावर नगराच्या खुणा दिसू लागतात. राणी महालाचं कमानदार दालन, समोर मशीद, आणि जागोजाग तलाव. एवढ्या उंचीवर माणसं आणि जनावरं जगवायची तर पावसाचं पाणी अडवल्याशिवाय इलाज नव्हता. शक्कर तलाव त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला. फरसबंदीखालची झाकलेली टाकीही बघण्यासारखी आहेत. वरून फक्त लहान तोंडं दिसतात, आत वाकून पाहिलं की कमानींवर तोललेली पोकळी. लोक त्यांना तेलातुपाची टाकी म्हणतात. पुढे नऊगजी तोफ आहे. तिच्याजवळ उभं राहिलं की खालची दरी आणि त्यापलीकडचं रान एका नजरेत येतं.

याच मुलखात अडगावपाशी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहात नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले, पुढे १८२२मध्ये निजामाकडे गेले. गाविलगडाच्या तटाला इंग्रजी तोफांनी खिंडार पाडलं, नरनाळा त्या माऱ्यातून सुटला. महाकाली दरवाजा आज इतका धडधाकट उभा आहे, त्यात या नशिबाचाही वाटा आहे.

जे तोफांनी केलं नाही ते खिळ्यांनी आणि ऑइलपेंटनं होतंय, याचं मला फार वाईट वाटतं. वर्षानुवर्षं टिकलेल्या मऊ दगडावर नावं खरडायला मिनिट पुरतं, आणि ती खरड परत भरून येत नाही.

गड मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत असल्यानं शहानूरच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरूनच वर जाता येतं, आणि दिवस मावळायच्या आत उतरावं लागतं. पावसाळा सरल्यावर जावं. तलाव भरलेले असतात, गवत हिरवं असतं, ऊन सोसवतं. पिण्याचं पाणी सोबत घ्या, प्लॅस्टिक परत आणा, आणि वाटाड्या घ्याच. शहानूरच्या पोरांना प्रत्येक पायवाट ठाऊक आहे आणि त्यांच्या घरात चार पैसे जातात.

संग्रामपूर आणि तेल्हारा तालुक्यांतल्या गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाची शाळेची सहल लांब नेण्याआधी पोरांना एकदा नरनाळ्यावर न्या, आणि बस महाकाली दरवाजाच्या अलीकडे थांबवा.