झोप कोण मोडतं, गुण कुणाचे कापले जातात

रांजणगाव एमआयडीसीत थर्ड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसगाड्या कामगारांना कारेगाव, शिरूरपर्यंत सोडत जातात. खोलीवर येऊन अंघोळ, चहा, दोन घास पोटात ढकलून माणूस आडवा होतो तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. बाहेर पुणे-नगर रस्त्यावर गाड्यांचा राबता सुरू झालेला, वरचा पत्रा तापू लागलेला, शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या. चार-साडेचार तास कसाबसा डोळा लागतो. उठून मनगटावरच्या बँडचं अ‍ॅप उघडावं, तर पुष्कळदा रात्रीचा रकाना रिकामा असतो आणि दिवसाची झोप एक तर ‘डुलकी’ म्हणून बाजूला काढलेली किंवा धरलेलीच नसते. खाली शंभरपैकी एक तोकडा आकडा आणि त्याखाली सल्ला : रोज ठरावीक वेळी झोपत जा. ज्याची झोपायची वेळ दर आठवड्याला नोटीस बोर्डावरचा शिफ्ट चार्ट ठरवतो, त्याला हा सल्ला मिळतो.

झोपेला गुण देणाऱ्या या बँडवर वैतागलेली माणसं आता सगळीकडे भेटतात. बँड चुकीचं मोजतो, ही त्यांची पहिली तक्रार असते आणि ती बरीचशी खरी आहे. पण माझा आक्षेप तिथे थांबत नाही. जिथे झोप सर्वांत जास्त मोडलेली असते, तिथेच हा बँड सर्वांत जास्त चुकतो. आणि झोप मोडण्याचं कारण बाहेर असताना तो कमी गुण झोपणाऱ्याच्या माथी मारतो. हे नीट पाहायचं तर शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण इथली रात्र फारशी कुणाच्या मालकीची नाही. रांजणगावात फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारी बनवणारे कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. कुरकुंभला रासायनिक प्रकल्प आहेत. दौंड जंक्शनवर मनमाडकडून आणि सोलापूरकडून येणारे लोहमार्ग मिळतात, तिथल्या लोको पायलटाला ‘कॉल’ येतो तो मध्यरात्री दोनलाही येतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांचा बंदोबस्त घड्याळ पाहून लागत नाही. गळीत हंगामात कारखाना अहोरात्र चालतो आणि ऊसतोड कामगारांना रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं. आणि ज्यांच्या शेतात तो ऊस उभा असतो, त्यांची रात्र महावितरणच्या वेळापत्रकावर चालते.

आधी बँड मोजतो तरी काय, ते पाहू. बँड मनगटावरून किंचित उचलला की खाली हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. तो उजेड कातडीखालच्या रक्तावर पडतो, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडीचा वेग निघतो. सोबत हालचाल टिपणारा एक सेन्सर असतो. एवढीच त्याची सामग्री. हात किती वेळ स्थिर होता आणि नाडी कशी चालली होती, यावरून तो ‘गाढ झोप’, ‘हलकी झोप’, ‘स्वप्नांची झोप’ असे अंदाज बांधतो. मुळात हे टप्पे ठरले ते मेंदूच्या लहरींवरून. डोळ्यांची बुबुळं झपाझप हलतात त्या झोपेचा शोध अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. टप्पे वाचण्याचे नियम १९६८ साली लिहिले गेले. आजही खरी तपासणी म्हणजे डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवून रात्रभर घेतलेली नोंद, जी तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून वाचली जाते. तीच नोंद दोन प्रशिक्षित माणसांना दिली तरी साधारण पाचात एका तुकड्यावर त्यांचं एकमत होत नाही. मेंदूपर्यंत न पोहोचणारं यंत्र तेच टप्पे मिनिटांच्या हिशेबात सांगतं, तेव्हा त्या मिनिटांवर किती भिस्त ठेवायची याचा विचार व्हायला हवा.

तपासण्या झालेल्याही आहेत. २०२१ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात चिनॉय आणि सहकाऱ्यांनी बाजारातली सात यंत्रं प्रयोगशाळेतल्या नोंदीशी ताडून पाहिली. त्यात मनगटावरची होती, तशीच उशापाशी किंवा गादीखाली ठेवायचीही होती. झोपणारे होते ३४ निरोगी तरुण. झोपलेल्या माणसाला ‘झोपला’ म्हणण्यात ही यंत्रं पक्की निघाली, शंभरात त्र्याण्णवच्या वर. पण जागेपणाची शंभर मिनिटं असतील, तर त्यांतली यंत्रागणिक अवघी १८ ते ५४ मिनिटंच त्यांना ओळखता आली. म्हणजे निपचित पडून राहिलेला जागा माणूस यांना बहुधा झोपलेलाच वाटतो. आता घोड नदीच्या काठचा एखादा शेतकरी पाहा. रात्रीची लाईट आहे, थ्री फेज कधी येईल त्याची वाट पाहत तो वस्तीवर खाटेवर पडलाय. हातात बॅटरी, कान मोटारीकडे आणि उसातल्या खसफशीकडे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यानंतर या भागात रात्री उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणाऱ्याचा डोळा निवांत मिटणं कठीण. तो हलत नाही, कारण तो ऐकतोय. बँडच्या लेखी मात्र ही दीड तासाची झोप झाली. उलट कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून लागलेली खरी झोप खड्ड्यांच्या हादऱ्यांमुळे जागेपणात जमा होण्याचा संभव असतो. अशा चुका दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जातात आणि सरासरीत भरून निघतात, असं मानायला जागा नाही. जो घरात, अंधारात, एकाच वेळी झोपतो त्याच्या बाबतीत त्या कमी असतात. ज्याची झोप तुकड्यातुकड्यांची आहे त्याच्या बाबतीत वाढत जातात.

आपल्या भाषेने झोपेचे किती प्रकार वेगळे ओळखले आहेत! पेंग, झापड, डुलकी, वामकुक्षी, राखणदाराची सावध झोप, बाळंतिणीची अर्धी झोप, गाढ झोप आणि पहाटेची साखरझोप. हे शब्द शास्त्राला धरूनही आहेत. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या प्रहरात पडतो आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे दाटत जाते. म्हणून फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे चारला उठणारा किंवा दौंडहून पुण्याला जाणारी पहिली गाडी पकडणारा माणूस रात्रीचा नुसता एक तास गमावत नाही, तो नेमकी साखरझोप गमावतो. स्कोअर मात्र हे सगळं एका आकड्यात गुंडाळतो. त्यातलं कशाला किती वजन द्यायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे एकाच रात्रीचे दोन बँड दोन निकाल देतात आणि दोन्ही तितक्याच ठाम आत्मविश्वासाने.

या आकड्याने अपाय होतो का? होतो. शिकागोतल्या केली ग्लेझर बॅरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली काही रुग्णांची हकिगत मांडली आणि परिपूर्ण झोपेच्या या ध्यासाला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. स्कोअर सुधारावा म्हणून माणसं जास्त वेळ अंथरुणात पडून राहत होती आणि त्यानेच त्यांचा निद्रानाश बळावत होता. प्रयोगशाळेतली तपासणी चांगली आली तरी विश्वास बँडवरच. पुढच्या वर्षी गॅव्हरिलॉफ आणि सहकाऱ्यांनी निद्रानाशाच्या ६३ रुग्णांना बँड बांधून मुद्दाम खोटे निकाल सांगितले. ज्यांना ‘झोप वाईट झाली’ असं सांगितलं, त्यांना दिवसभर अधिक थकवा आणि अधिक झोपाळूपणा जाणवला. झोप कशीही झालेली असो, आकडा ऐकून दिवस बिघडला. पाळीवरून आलेल्या माणसाच्या अंगात आधीच थकवा भरलेला असतो. त्यावर सकाळी सकाळी ‘असमाधानकारक’ असा शेरा वाचायला लावणं हे मला निव्वळ क्रूर वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की काहीच न मोजण्यापेक्षा थोडं चुकीचं मोजलेलं बरं. रोजचा आकडा सोडा, महिन्याचा कल तर कळतो. यातला अर्धा भाग मी मनापासून मान्य करते. आडवं कधी झालो आणि उठलो कधी, हे बँड बऱ्यापैकी टिपतो आणि महिनाभरात एकूण किती तास मिळाले याचा अंदाज त्यातून येतो. ते उपयोगाचं आहे. पण कल बघायचा तर रात्री एकमेकींसारख्या हव्यात. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड, अशा फिरत्या पाळीत आलेख खाली-वर होतो तो तब्येतीमुळे की शिफ्ट चार्टमुळे, हे वेगळं काढता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घड्याळांमुळे काही लोकांचे हृदयाचे अनियमित ठोके वेळेत लक्षात आले. झोपेत श्वास अडकण्याची शक्यता सुचवणाऱ्या सुविधांना २०२४ साली अमेरिकेच्या एफडीएने काही घड्याळांपुरती परवानगी दिली. भारतात सुमारे ११ टक्के प्रौढांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असावा, असा अंदाज २०२३ सालच्या एका आढाव्यात मांडला गेला. तेव्हा अशी सुविधा हा खरा लाभ आहे. पण ती एका विशिष्ट आजाराची, तपासून घेतलेली चाळणी असते. शंभरपैकी गुणांशी तिचा संबंध नाही. हजार-दोन हजारांच्या साध्या बँडला ती परवानगी आपोआप लागू होत नाही. मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास थांबणाऱ्या, दिवसा ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर पेंगणाऱ्या माणसाला बँडने ८५ गुण दिले, तरी त्याने डॉक्टरकडे जायलाच हवं. चांगल्या स्कोअरने दिलेला खोटा दिलासा वाईट स्कोअरच्या धसक्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतो.

तिसरा आक्षेप : यंत्रं सुधारतील. सुधारोत. उद्या मेंदूच्या लहरीही अचूक सांगणारा बँड निघाला, तरी माझा मुख्य मुद्दा जागचा हलत नाही. तो बँडही सांगेल की झोप कमी झाली, आणि उपाय झोपणाऱ्यालाच सुचवेल : फोन लांब ठेवा, चहा कमी करा. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांचा आवाका किती? चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मनगटावरच्या यंत्रांनी मोजल्यावर दिसलं की ही माणसं आठ तास अंथरुणात असूनही साडेपाच तासच झोपत होती. त्यांना सल्ला, कानातले बोळे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, पंखे असं सगळं पुरवल्यावर रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली, पण काम किंवा मनःस्थिती यांत म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो दुपारी कामाच्या जागी मिळालेल्या अर्ध्या तासाच्या डुलकीने. भुकेला कोंडा, निजेला धोंडा असं आपण म्हणतो, पण धोंड्यावरची झोप तुटक असते हे या मोजमापाने दाखवलं. आणि ज्या डुलकीने माणसं सावरली, तिला बँडच्या स्कोअरमध्ये बहुधा जागा नसते. ती डुलकी मिळायला हवी तर कामाच्या जागी चटई, पंखा आणि मुकादमाची परवानगी हवी.

झोप वेळापत्रकाने मोडते तशी वेळापत्रकाने सुधारतेही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात झाय्सलर, मूर-एडी आणि कोलमन यांनी पाळ्या फिरवण्याची दिशा उलटवली. पूर्वी दर आठवड्याला पाळी मागे सरकत होती. त्यांनी ती पुढे सरकवली, म्हणजे सकाळनंतर दुपार, दुपारनंतर रात्र, आणि एका पाळीवर तीन आठवडे राहू दिलं. शरीराचं घड्याळ उशिरा झोपायला सहज तयार होतं, लवकर झोपायला अडतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. कामगारांचं समाधान वाढलं, उत्पादनही वाढलं. एकाही कामगाराला झोपेबद्दल गुण द्यावे लागले नाहीत. आपल्याकडे चर्चा चालली आहे ती मात्र दुसऱ्या दिशेने. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तासांची पाळी, येण्या-जाण्याचे दोन तास, स्वयंपाक-धुणं-मुलं; उरलेल्या वेळात सात तासांची झोप बसवून दाखवणं हे कुठल्या अ‍ॅपच्या हाती आहे? लोको पायलटांच्या संघटना सलग रात्रपाळ्या दोनांवर थांबवा म्हणून मागणी करत आहेत. शेतकरी दिवसा वीज मागत आहेत, आणि २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच मागणीला दिलेलं उत्तर आहे. ज्या फीडरवर दिवसाची वीज खरोखर आली, तिथल्या शेतकऱ्याला रात्री दारं धरायला जावं लागत नाही. मला ही झोपेची योजना वाटते, ऊर्जेची तर आहेच.

म्हणून बँड फेकून द्या असं मी म्हणत नाही. अ‍ॅपमध्ये स्कोअरची सूचना बंद करता येत असेल तर ती करावी आणि टप्प्यांचा रंगीत आलेख पाहूच नये. बँडकडून घ्यायच्या त्या दोनच गोष्टी : आडवं होण्याची वेळ आणि उठण्याची वेळ. त्यांच्यासमोर वहीत हाताने आणखी दोन रकाने भरावेत. त्या दिवशी पाळी कुठली होती किंवा लाईट किती वाजता आली, हा एक. आणि कामावर, गाडीवर, मशिनपाशी पेंग आली का, हा दुसरा. निद्रानाशावर उपचार करणारे डॉक्टरही रुग्णाला अशीच साधी डायरी लिहायला सांगतात. एका माणसाची तीन आठवड्यांची वही डॉक्टरला बरंच काही सांगते. एकाच लाईनवरच्या वीस कामगारांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि वीसही जणांची पेंग थर्ड शिफ्टच्या त्याच तिसऱ्या-चौथ्या रात्री आलेली दिसली, तर ती वही युनियनने मॅनेजमेंटपुढे ठेवण्यासारखी आहे. एकाच फीडरवरच्या शेतकऱ्यांच्या वह्या महावितरणच्या टेबलावर ठेवण्यासारख्या आहेत. त्यांत शंभरपैकी गुण कुठेच नसतील, फक्त तारखा आणि वेळा असतील.