रात्री साडेनऊचा वर्ग

गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या अर्थशास्त्राच्या अकरा विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसमवेत संगणकजालावरून सात आठवडे एक संयुक्त प्रकल्प केला. तेथे सकाळचे अकरा वाजत, तेव्हा येथे रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकेने आपली घड्याळे तासाने मागे घेतली आणि आमचा वर्ग साडेनऊवर गेला. अंधेरीला नोकरी करणारा एक विद्यार्थी विरार लोकलच्या दारापाशी उभा राहून भ्रमणध्वनीवरून बोलत असे; भाईंदरच्या खाडीपुलावर त्याचा आवाज तुटे. नालासोपाऱ्यात एका खोलीत पाचजण राहणारी विद्यार्थिनी जिन्यात बसून भाग घेई.

ही पद्धत तशी नवी नव्हे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात जॉन रुबिन या चित्रपटाच्या अध्यापकाच्या पुढाकाराने 2006 साली तिचे केंद्र स्थापन झाले. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला आहे. परदेशी जाण्याची ऐपत नसलेल्यांना ही संधी मोलाची आहे, याविषयी दुमत नसावे.

आमचा विषय होता वसईच्या वाडीतील फुले आणि तेथील सफरचंदे यांच्या अंतिम किमतीत उत्पादकाचा वाटा किती. पलीकडच्या एका मुलाने सहज विचारले, 'तुमच्या आजोबांच्या फुलांचा भाव कोण ठरवतो?' वाडीत वाढलेल्या आमच्या विद्यार्थिनीला उत्तर देता येईना. तिने घरी विचारले, तेव्हा आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून दादरच्या व्यापाऱ्यांच्या पट्ट्यांचे गठ्ठे काढून तिच्यापुढे ठेवले. तीन वर्षांच्या माझ्या व्याख्यानांनी जे साधले नाही, ते त्या एका प्रश्नाने साधले, हे कबूल करणे भाग आहे.

परंतु पुढे जे झाले ते अर्थशास्त्राच्या अध्यापकास अस्वस्थ करणारे होते. आमच्या मुलांनी वाड्यांतून आणि बाजारातून आकडे गोळा केले. पलीकडच्यांनी त्यांची कोष्टके केली, विश्लेषण केले आणि अहवाल लिहिला. महागडी नियतकालिके त्यांच्या ग्रंथालयात उपलब्ध होती, आमच्या नव्हती. त्यांना या कामाचे गुण होते, आमच्यांना प्रमाणपत्र. कच्चा माल येथून आणि पक्का माल तिकडून, ही विभागणी दादाभाई नौरोजींच्या वाचकाला अपरिचित वाटू नये.

यात सारा दोष पलीकडचा मानणे मात्र आत्मवंचना ठरेल. 2011 साली पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा उपक्रम झाला. अनेकांनी इतरत्र छापलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो शोधून काढण्याचे ओझे देशोदेशींच्या स्वयंसेवक संपादकांवर पडले आणि उपक्रम त्याच वर्षी आवरता घ्यावा लागला. मार्गदर्शिकेतील उत्तर शब्दशः उतरवणाऱ्यास आम्हीच वर्षानुवर्षे पूर्ण गुण देत आलो; मग मुलांनी दुसरे काय करावे? आमच्या गटातही अहवाल लिहिण्याची वेळ आली, तेव्हा 'सर, तेच लिहू देत' असे प्रथम म्हणणारे आमचेच विद्यार्थी होते.

यंदा पुन्हा निमंत्रण आले आहे. लेखनाचा अर्धा भाग आमच्याकडे राहील, ही अट मी कळवली आणि ती मान्यही झाली. या कामाला अंतर्गत गुण द्यावेत आणि आठवड्यातून एक दिवस रात्री साडेदहापर्यंत एक खोली उघडी ठेवावी, असा अर्ज मी आमच्या कार्यालयात दिला आहे. पहारेकऱ्याच्या जादा वेळेचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, या प्रश्नावर तो तूर्त थांबला आहे.