ट्रॅक्टरची पारख

बैलबाजारात उतरलेला जाणता शेतकरी घाईने सौदा करीत नाही. तो बैलाचे दात पाहतो, जनावर दोनदाती आहे की जुळलेले याची खात्री करून घेतो. खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून पाहतो. ज्याच्या दावणीला ते इतके दिवस होते तो माणूस कसा, याचीही चौकशी करतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही पारख आहे. परंतु तोच शेतकरी बैलजोडीच्या कितीतरी पट किंमत मोजून ट्रॅक्टर घ्यावयास निघतो, तेव्हा पुष्कळदा अश्वशक्तीचा आकडा, हप्त्याची रक्कम आणि यंत्राचा रंग एवढ्या तीनच गोष्टींवर त्याचा निर्णय ठरतो. यंत्राचे दात कसे पाहावेत, हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

यात धोका कोणता? काळ्या जमिनीच्या प्रदेशात, मग तो विदर्भ असो, मराठवाडा असो की माळवा, पेरणीचे सारे गणित वाफशावर अवलंबून असते. पाऊस पडला की जमीन चिकट होऊन अवजार चालत नाही. ऊन लागून ती पुरती सुकली म्हणजे ओल उडून जाते. या दोन अवस्थांमधले मोजके दिवस म्हणजे वाफसा. त्या दिवसांत बैल लंगडला तर सावडीने शेजाऱ्याचा बैल मिळतो. ट्रॅक्टरचा क्लच गेला तर शेजारच्या निराळ्या बनावटीच्या ट्रॅक्टरचा क्लच त्यास बसत नाही. सुटा भाग येण्यास आठ दिवस लागले, तर दुरुस्तीच्या बिलात त्या भागाची किंमत दिसते. हुकलेल्या पेरणीची दिसत नाही. शिवाय बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. तात्पर्य, ट्रॅक्टरची किंमत खरेदीच्या दिवशी कळत असली, तरी त्याची योग्यता कळते ती तो बंद पडेल त्या दिवशी.

एके काळी हा प्रश्न याहूनही बिकट होता. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले, ते अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या यंत्रांच्या साहाय्याने. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने अशा यंत्रांसाठी भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या काळी ट्रॅक्टर परदेशी होता आणि त्याचे सुटे भागही परदेशी होते. १९५९ साली फरीदाबाद येथे आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर तयार झाला. १९७४ साली पंजाबातून ‘स्वराज’ बाजारात आला. त्याचे मूळ दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील कार्यात होते. आता देशात एका वर्षात नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेल्याचीही नोंद आहे. टंचाई संपली, तिच्या जागी निवडीची जबाबदारी आली.

या निवडीचा आरंभ दुकानात नव्हे, शेतात झाला पाहिजे. किती जमीन, कोणती पिके आणि कोणती अवजारे, हे आधी ठरवावे. द्राक्षाच्या किंवा संत्र्याच्या बागेत ओळींमधून वळणारा लहान ट्रॅक्टर जे काम करतो, ते मोठ्यास साधत नाही. उलट भारी जमिनीत खोल नांगरट करावयाची तर लहान यंत्र दमते आणि लवकर झिजते. अश्वशक्तीचा आकडा वाचतानाही सावध असावे. जाहिरातीतील आकडा बहुधा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र फिरते ते मागील दांड्यावर, ज्यास शेतकरी पीटीओ म्हणतात. तेथे पोहोचणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीहून कमी असते. तुलना करावयाची ती या शक्तीची.

ही माहिती मिळण्याचे विश्वसनीय ठिकाण मध्य प्रदेशात नर्मदाकाठी आहे. बुदनी येथे १९५५ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टरच्या शिक्षणाची सोय केली. तेथील संस्थेत आज ट्रॅक्टरांची शास्त्रोक्त चाचणी होते. पीटीओवर किती शक्ती मिळाली, दर तासास डिझेल किती लागले, तापलेल्या हवेत इंजिनाची स्थिती कशी राहिली, मागील उचल किती वजन पेलते, चाचणीच्या काळात कोणता बिघाड झाला आणि यंत्र उघडल्यावर कोणता भाग किती झिजलेला आढळला, या साऱ्याची नोंद अहवालात असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. त्यातील बिघाडाचे आणि झिजेचे पान वाचणे म्हणजेच यंत्राचे दात पाहणे होय.

तथापि बुदनीची संस्था यंत्राची परीक्षा करते. तालुक्याच्या विक्रेत्याची करीत नाही. ती शेतकऱ्यानेच करावयाची असते. त्यासाठी शोरूममध्ये नव्हे, तिच्या मागील कार्यशाळेत जावे, आणि तेही ऐन हंगामात. दुरुस्तीस आलेले ट्रॅक्टर किती दिवसांपासून उभे आहेत, शिकलेले कारागीर किती, बिघाड झाल्यास माणूस बांधावर येतो काय आणि त्याचा आकार किती, हे विचारावे. क्लच प्लेट, डिझेल फिल्टर, ऑइल सील, पंख्याचा पट्टा, हायड्रॉलिकचे सील हे नित्य लागणारे भाग मांडणीवर आहेत की मागवावे लागतात, हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर त्याच बनावटीचा ट्रॅक्टर तीन-चार वर्षे वापरलेल्या दोघा-तिघांना भेटावे. आपल्या भागात ज्या बनावटीचे ट्रॅक्टर पुष्कळ आहेत, तिचे भाग सहज मिळतात, गावचा मिस्त्री तिला ओळखतो आणि पुढे विकताना किंमतही बरी येते. थोडेसे अधिक डिझेल पिणारे, परंतु पाच कोसांवर दुरुस्त होणारे यंत्र, साठ कोसांवरच्या उत्तम यंत्राहून पुष्कळदा स्वस्त पडते.

मोठ्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या मिस्त्रीचा कान तेथे पुरा पडत नाही. दोष शोधणारे उपकरण लागते. ते उपकरण विक्रेत्यापाशी आहे काय, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावा. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही.

हमीपत्राचेही तसेच. हमी बहुधा वर्षे आणि चालविलेले तास अशा दोहोंत सांगितलेली असते व जे आधी पूर्ण होईल ते धरले जाते. टायर व बॅटरी यांची हमी बहुधा त्यांचे कारखानदार स्वतंत्रपणे देतात. ठरलेल्या तासांची सर्व्हिस वेळेवर करून पुस्तिकेत शिक्का घेतला नाही, तर ऐनवेळी हमी नाकारली जाऊ शकते. सर्व बिले जपून ठेवावीत. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून वापरण्याकरिता वस्तू घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक ठरतो; सदोष यंत्र वा कबूल करून न दिलेली सेवा यांविषयी त्यास जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र तेथे तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते, कागद बोलतो.

अखेरीस, चांगल्या बैलासही वैरणपाणी लागते. हवेची गाळणी धुळीने भरू न देणे, डिझेलमध्ये पाणी जाऊ न देणे, तेल वेळेवर बदलणे आणि स्वस्त म्हणून बनावट भाग न बसविणे, ही ट्रॅक्टरची वैरण होय. परंतु इतके करूनही लोखंड कधीतरी झिजणारच. तो दिवस मृगाच्या पहिल्या वाफशाचा असू शकतो. त्या दिवशी कोणास हाक मारावयाची, तो किती वेळात येईल आणि त्याच्या पिशवीत लागणारा भाग असेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यास खरेदीपूर्वी मिळाली, त्याने ट्रॅक्टरबरोबर त्याची दुरुस्तीही विकत घेतली असे समजावे. ज्यास ती मिळाली नाहीत, त्याने आणखी एक हंगाम थांबावे. त्यात त्याचे नुकसान नाही.