पेठेचा खेळाडू

मुलांनो, 'तालीम' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्ती व व्यायाम करण्याची जागा. कोल्हापुरात या तालमींनी फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल ही त्यांतील काही तालीम मंडळे. 'दिलबहार' हे एका मंडळाचे नाव तर तुम्हांला अगदी आपले वाटेल. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने रंगतात, तेव्हा पेठेतील लहानथोर तेथे गर्दी करतात.

जुन्या खेळाडूंची आठवण हे लोक इतक्या प्रेमाने का काढतात? कारण पूर्वी संघातील बहुतेक खेळाडू आसपासच्या गल्ल्यांतलेच असत. सकाळी बाजारात भेटणारा माणूस संध्याकाळी मैदानावर दिसे. त्याने केलेला गोल साऱ्या पेठेचा होई. म्हणून खेळ थांबला, तरी त्याचा मान कमी होत नाही.

देशासाठी खेळणाऱ्यांची नोंद होते. मुंबईच्या टाटा संघाकडून खेळलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ते आजही पुस्तकांत वाचायला मिळते. पेठेच्या खेळाडूची कीर्ती मात्र बहुधा लोकांच्या तोंडीच असते. सांगणारे गेले, की तीही विसरली जाते.

तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा खेळाडू असेल. त्याचा खेळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तो कसा खेळे? लोकांना का आवडे? ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा किंवा मराठीत, आठवण टिकेल.